घड्याळ बाहेरून द्या

[पडद्यावर: कोडची एक लांबलचक फाइल, हळूहळू खाली सरकत जाते]

ऑर्डर पोचल्यापासून 30 दिवसांत वस्तू परत आली, तर ग्राहकाला पैसे परत. नियम एका ओळीचा. पण या फाइलमध्ये तो शोधावा लागतो. वर डेटाबेसचं कनेक्शन, मध्ये पेमेंट गेटवे, खाली ईमेल. आणि या गर्दीत कुठेतरी तारखेची ती तुलना. आजची तारीख थेट सर्व्हरच्या घड्याळातून घेतलेली.

तिसाव्या दिवशी, मुदत संपायला एक मिनिट असताना हा कोड काय करतो? तपासायचं कसं? त्या मिनिटाची वाट बघत बसायचं?

[पडद्यावर: तोच नियम, आता छोट्याशा क्लासमध्ये]

आता हा क्लास स्वतः काहीच तयार करत नाही. त्याला जे लागतं ते कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच, मागतो: ऑर्डर आणून देणारी रिपॉझिटरी, पेमेंट सर्व्हिस आणि घड्याळ. लागणाऱ्या गोष्टी अशा बाहेरून देण्याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. टेस्टमध्ये आपण त्याला हव्या त्या क्षणी थांबलेलं घड्याळ देतो. मग आजवर लपलेला प्रश्नही समोर येतो: दिवस कुणाचा धरायचा, सर्व्हरचा की ग्राहकाचा? हा प्रश्न धंद्याचा आहे. तो उघडा पडणं, हाच मला या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांच्या 2004 मधल्या लेखामुळे रूढ झालं. त्याच वर्षी ही जोडणी आपोआप करून देणाऱ्या जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कची 1.0 आवृत्ती आली. पण फ्रेमवर्क लागतंच असं नाही. ॲप सुरू होतं तिथे, एकाच ठिकाणी, हातानेही सगळी जोडणी करता येते.

आणि कन्स्ट्रक्टरला नऊ गोष्टी लागत असतील, तर कंटेनरला, म्हणजे जोडणी करणाऱ्या फ्रेमवर्कच्या भागाला, दोष देऊ नका. तो क्लासच फार कामं करतोय.

[पडद्यावर: दोन रिक्वेस्ट, एकच डेटाबेस सेशन]

खरी काळजी घ्यायची ती बाहेरून दिलेल्या या गोष्टींच्या आयुष्याची. कोण ॲप बंद होईपर्यंत राहणार, कोण एका रिक्वेस्टपुरतं? सिंगलटनने, म्हणजे ॲपभर एकच असलेल्या ऑब्जेक्टने, रिक्वेस्टपुरतं डेटाबेस सेशन धरून ठेवलं, तर ते सुटतच नाही. एका ग्राहकाचे अर्धवट बदल दुसऱ्याच्या रिक्वेस्टमध्ये सेव्ह होऊ शकतात. एका वेळी एकच रिक्वेस्ट पाठवणाऱ्या टेस्टला हे सहसा दिसत नाही. मायक्रोसॉफ्टचं एएसपी डॉट नेट कोअर फ्रेमवर्क डेव्हलपमेंट मोडमध्ये ही चूक पकडून एरर देतं. ती तपासणी बंद करू नका. सेशन धरून ठेवणाऱ्या सर्व्हिसचं आयुष्य दुरुस्त करा.