चिंतेचं माप कोणाच्या अंगाचं?

(दृश्य : दवाखान्यातला प्रश्नावलीचा कागद, रकान्यांत खुणा करणारा हात)

सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज 10 किंवा जास्त आली, तर डॉक्टर चिंताविकाराची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. ‘जीएडी-7’ ही प्रश्नावली 2006 साली अमेरिकेत तयार झाली आणि जगभर पोचली.

पण 2015 साली अमेरिकेतल्याच विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात दिसलं, की चिंतेची लक्षणं तेवढीच असूनही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा कमी भरत होते. देश तोच, भाषा तीच, तरी सगळ्यांना एकच रेघ लावली तर त्रासात असलेलं कोणीतरी रेघेखाली राहून जातं. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते.

(दृश्य : हरारे शहर, दवाखान्याबाहेरची रांग)

झिंबाब्वेच्या हरारेत याच्या कितीतरी आधी, 1990च्या दशकात, वेगळी वाट धरली गेली. पुढे गोव्यात ‘संगथ’ संस्था उभी करणारे, मूळ मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तेव्हा तिथे काम करत होते. एखादी परकी प्रश्नावली तिथल्या शोना भाषेत उतरवत बसण्याऐवजी त्यांनी परिचारिकांना आणि पारंपरिक वैद्यांना गाठलं. तुमच्या मते मनाने आजारी कोण? मग त्या रुग्णांनाच विचारलं, नेमकं काय होतं?

त्यातून 14 प्रश्न निघाले. गेल्या आठवड्यात पोट दुखलं का? क्षुल्लक कारणावरून संताप झाला का? कामं मागे पडली का? डोक्यात विचारांचं चक्र थांबेना, असं झालं का? उत्तर फक्त हो किंवा नाही.

मग कस लावला. उत्तरांची बेरीज एकीकडे. परिचारिका-वैद्यांचं मत आणि मानसोपचारातली प्रमाणित मुलाखत दुसरीकडे. दोन्ही जुळतात का, ते पाहिलं. रेघ खाली ओढली तर धडधाकट माणसावर आजाराचा शिक्का बसतो. वर नेली तर आजारी माणूस डोकेदुखीची गोळी घेऊन घरी जातो.

2016 साली झिंबाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांच्या गटाने एचआयव्हीबाधितांचं प्रमाण मोठं असलेल्या रुग्णांमध्ये हे शोना माप पुन्हा तपासलं, सोबत ‘जीएडी-7’सुद्धा. परकी प्रश्नावलीही तिथे कामाची ठरली. शोना प्रश्नावलीची रेघ 9वर ठरली, म्हणजे 14पैकी 9 किंवा जास्त ‘हो’.

(दृश्य : झाडाखालचा बाक, आजी आणि एक तरुणी)

चिबांडांच्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या उपक्रमात, बाकावर बसून मनाच्या त्रासाबद्दल बोलणाऱ्या प्रशिक्षित आज्या हेच 14 प्रश्न विचारतात. त्यांतला एक प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा; त्याला ‘हो’ आलं, तर आजी लगेच वरिष्ठांना कळवते.