पूर वेळेवर यायला पाहिजे

धरणं आणि पक्षी म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो, तो आधीच घेऊन टाकतो. उजनी झालं म्हणून तर भिगवणला फ्लेमिंगो येतात ना, मग धरण पक्ष्यांना चांगलंच की! प्रश्न चुकीचा नाहीये. 1980 ला भीमेवर उजनी पूर्ण झालं, तिथं 12 मेगावॅटचं छोटं वीजकेंद्र पण आहे, आणि पाणी उतरायला लागलं की जो चिखल उघडा पडतो, जिथं आपली माणसं गाळपेर, म्हणजे त्या ओल्या गाळातली पेरणी करतात, त्याच्याच कडेला उथळ पाण्यात फ्लेमिंगो चरतात. पण ज्या वर्षी धरण तुडुंब भरून बराच काळ तसंच राहतं त्या वर्षी नावाडी सांगतात, थांबा, अजून पक्षी नाहीत. एवढ्या खोल पाण्यात उभं राहून ते खाणार काय? म्हणजे नुसतं पाणी असून भागत नाही, किती आणि कधी ते बघावं लागतं. आणि आपण फोटो काढतो ते भिंतीच्या वरच्या बाजूला, खालची नदी बघायला कोण जातंय.

खालच्या नदीचं काय होतं ते बघायचं तर आफ्रिकेत झांबियाला जाऊ, काफ्यू नदीवर. तिथं काफ्यू फ्लॅट्स नावाचं पूरमैदान आहे, साधारण अडीचशे किलोमीटर लांब आणि जवळजवळ सपाट, त्यामुळे पुराचं पाणी या टोकाकडून त्या टोकाला जायला दोनेक महिने घ्यायचं, हळूहळू पसरत, गवतात शिरत, मग तसंच हळूहळू ओसरत. या मैदानाच्या खालच्या टोकाला काफ्यू गॉर्जचं जलविद्युत केंद्र झालं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, पण तिथला तलाव छोटा, वर्षभर टर्बाइन चालवायला पुरेना, म्हणून वरच्या टोकाला इतेझी-तेझी हे मोठं साठवणीचं धरण बांधलं. मैदान बरोबर दोघांच्या मध्ये. वरून पूर अडवलेला, खालून फुगवटा, आणि उन्हाळ्यात जेव्हा कोरडं पडायला पाहिजे तेव्हा विजेसाठी सोडलेलं पाणी वाहतंय!

आता तिथला वॉटल्ड क्रेन घ्या, आफ्रिकेतला सगळ्यात मोठा क्रौंच, हनुवटीखाली दोन पिसांनी झाकलेले लोलक लोंबतात. बहुतेक वेळा एकच अंडं, कधी दोन, पण वाढवणार एकच पिल्लू. पूर चढून ओसरायला लागला की ही जोडी उथळ पाण्यात घरटं करते, भोवती पाणी म्हणून कोल्हे-बिल्हे पोचत नाहीत, आणि ओल्या मातीतले लव्हाळ्याचे कंद उकरून खायला मिळतात. पूर नीट आलाच नाही तर बऱ्याच जोड्या त्या वर्षी घरटंच करत नाहीत. मेलेला पक्षी दिसतो, न घातलेलं अंडं कुणाला दिसणार? जोड्या तिथंच फिरताना दिसतात, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. त्यात मिमोसा पिग्रा, लाजाळूच्या जातीतलं काटेरी झुडूप, याच मैदानातल्या लोचिनवार नॅशनल पार्कात इतकं माजलं की पाणपक्ष्यांची मोकळी कुरणं त्याच्याखाली गेली.

मला यातली सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट वाटते ती ही की इंजिनिअर लोकांना हे माहीत होतं. इतेझी-तेझीत जास्तीची साठवण मुद्दाम ठेवलेली, मार्चमध्ये चार आठवडे सेकंदाला 300 घनमीटर सोडून नकली पूर आणायचा म्हणून. कागदावर उत्तम होतं. पण विजेची मागणी रोज दारात उभी असते आणि क्रौंच काही तक्रार करायला येत नाही, तेव्हा तो मार्चचा पूर कधी नीट आला, कधी नाही.

आपल्याकडे चंबळवर वेगळीच तऱ्हा. गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर इथं वीज होते, मग कोटा बॅरेजला पाणी कालव्यांत वळतं. खालच्या वाळूच्या बेटांवर उन्हाळ्यात पाणचिरा अंडी घालतो, तोच तो, खालची चोच वरच्यापेक्षा लांब असलेला, पाणी चिरत मासे पकडणारा. पाणी कमी झालं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत येतात. एकदम सोडलं की घरटी बुडतात. दोन्हीकडून मार. 2020 पासून हा पक्षी जागतिक यादीत धोक्यातला म्हणून आहे.

आता पुन्हा उजनीवर येतो, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांचं समाधान होईल. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या तारखा कालवा सल्लागार समितीत ठरतात, कुठलं पीक, किती दिवस, कुणाच्या गावाला आधी, त्यावर भांडणं होतात आणि ती व्हायलाच पाहिजेत, पाणी शेतकऱ्याचं आहे. पण मार्च ते मे नदी सुरय हा पक्षी वाळूवर आणि बेटांवर अंडी घालून बसलेला असतो, ही एक ओळ त्या बैठकीच्या कागदात टाकायला काय जातं? विसर्ग एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने वाढवला तरी घरटी बुडतीलच, पण वाढवायचाच असेल तर पक्षी बसायच्या आधी वाढवा, म्हणजे ते वरची जागा धरतील. एवढं मागायला हरकत नसावी. बोला, कुणाला काय विचारायचंय?