पोटातला गोळा आणि कागदावरचा आकडा

माईक मागे पोचतोय ना? बरं. पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘बीजकोशाच्या गाठी : साधी कुठली, कॅन्सरची कुठली?’ वेळ पंचेचाळीस मिनिटं. त्यातली सात माझा परिचय करून देण्यात गेली. परिचय मीच लिहून दिला होता, तेव्हा तक्रार कुणाकडे करू?

आधी एका शब्दाशी माझं जुनं भांडण आहे ते सांगते. शब्द ‘गाठ’. आपल्याकडे लग्नाची गाठ, पदराची गाठ, एसटी स्टँडवर अचानक पडते तीही गाठ. आणि सोनोग्राफीत काही गोल दिसलं की तीही गाठच. दर महिन्याला बीज तयार होताना बीजकोशावर, म्हणजे ओव्हरीवर, दोन सेंटिमीटरची पाण्याची पुटकुळी येते, फुटते, बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही, चार-पाच सेंटिमीटरपर्यंत फुगते आणि दोन-तीन पाळ्यांत आपली आपण जिरते. तिला आपण गाठ म्हणतो. पीसीओडीत अर्धवट वाढलेली बीजं ओळीनं बसलेली दिसतात, त्या ‘गाठी’. जुनं रक्त साठून झालेली चॉकलेट सिस्ट, तीही गाठ. पुढच्या रांगेतल्या मुली हसताहेत. हसा, पण डॉक्टरांनी हे नाव दिल्यापासून माझ्या कितीतरी पेशंटनी कॅडबरी सोडली आहे, विनाकारण. डर्मॉईड नावाची गाठ असते, तिच्यात चरबी, केस, कधी चक्क दात निघतो. एका मुलीच्या गाठीत दात निघाला हे ऐकून तिची आजी मला म्हणाली, “दुधाचा का पक्का?” मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आणि कॅन्सर, तोही गाठच. बाई केबिनमध्ये येते ती “डॉक्टर, गाठ निघाली” म्हणत, आणि यातली कोणती ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. पोटात गोळा येतो तो आधी भीतीचा. या भीतीवर कुणाकुणाची दुकानं चालली ते २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या वाचल्यात त्यांना माहीत आहे. तो विषय गर्भपिशवीचा, आजचा नाही. पण ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य तेच.

दुसरा प्रश्न ठरलेला : “केवढी आहे?” पपईएवढी म्हटलं की नवऱ्याचा चेहरा उतरतो, लिंबाएवढी म्हटलं की फुलतो. आता ऐका. अमेरिकेत केंटकी राज्यात डॅनव्हिल नावाच्या गावात १८०९ च्या डिसेंबरमध्ये इफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरनं जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंचं पोट उघडून बीजकोशाची साडेबावीस पौंडांची गाठ काढली. म्हणजे दहा किलो. भूल नव्हती, ईथर यायला अजून सदतीस वर्षं होती. बाई घोड्यावर बसून साठेक मैल आल्या होत्या, आणि ऑपरेशन चालू असताना स्तोत्रं म्हणत होत्या. पंचवीस मिनिटांत काम झालं. त्यानंतर त्या बत्तीस वर्षं जगल्या. कॅन्सर असता तर जगल्या नसत्या, म्हणजे ती दहा किलोची गाठ बहुधा साधीच होती. उलट सुपारीएवढ्या बीजकोशातून पोटभर पसरलेला कॅन्सर मी पाहिलाय. आकारानं काहीच कळत नाही असं नाही, पण आकार शेवटी विचारायचा.

तिसरी भानगड सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट. कॅन्सरपेशीला चिकटणारी प्रतिपिंडं शोधताना रॉबर्ट बास्ट यांच्या गटाला एकशेपंचविसावं कामाचं सापडलं, १९८१ मध्ये, म्हणून हे नाव. एकीनं मला विचारलं, “माझा सीए एकशे पंचवीसच आलाय, बरा आहे ना?” तिचा आला होता अठरा. पस्तिसाच्या आत म्हणजे नॉर्मल. पण ही टेस्ट कॅन्सरची नव्हे, पोटातल्या अस्तराला काही त्रास होतोय का याची. पाळी चालू असताना वाढते, दिवस गेले की वाढते, पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते, लिव्हर बिघडलं की वाढते. आणि बीजकोशाच्या पहिल्या स्टेजच्या कॅन्सरमध्ये निम्म्या वेळा वाढतच नाही!

यावर माझी स्वतःची फजिती सांगते. पंचवीसेक वर्षं झाली. चोवीस वर्षांची मुलगी, लग्नाला दोन वर्षं. पोट वाढत होतं, सासू खुशीत होती. डोहाळे पुरवणं चालू. टेस्ट केली, दिवस नव्हतेच. सोनोग्राफीत पोटात पाणी, दोन्ही बीजकोशांच्या जागी वेडेवाकडे गोळे. सीए-१२५ आला सहाशेच्या वर. मी चिठ्ठी लिहिली : बीजकोशाचा कॅन्सर, थर्ड स्टेज. सासूला बाहेर बसवून नवऱ्याला सांगितलंसुद्धा. तो भिंतीला टेकून खालीच बसला. त्याच संध्याकाळी आमचे शेजारचे फिजिशियन चहाला आले, कागद चाळले आणि म्हणाले, “ताप येतो का हिला, दिवेलागणीला?” मी विचारलंच नव्हतं. “घरात कुणाला खोकला?” तेही नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं. ताप येत होता. सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या होत्या. दुर्बिणीनं पाहिलं तर आतडी, अस्तर, सगळीकडे बाजरीच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके. कॅन्सरही असा दिसू शकतो, म्हणून तुकडा तपासला. टीबी. सहा महिने गोळ्या, पोट सपाट, सीए-१२५ वीसच्या आत. तिची पिशवी, बीजकोश सगळं जागेवर. त्या चहाचे पैसे मी अजून फेडते आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. अहो, मी अजून विषयावर आलेच नाही! बरं, भराभर सांगते.

गाठीच्या आत काय आहे ते बघायचं. युरोपातल्या डॉक्टरांचा आयोटा नावाचा गट १९९९ पासून हेच काम करतोय. २००८ मध्ये त्यांनी सोनोग्राफीचे सोपे नियम मांडले. साधेपणाच्या खुणा : एकच कप्पा, कप्पे जास्त असले तरी गुळगुळीत आणि दहा सेंटिमीटरच्या आत, घट्ट भाग सात मिलिमीटरपेक्षा लहान, मागे काळी सावली, रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर रक्तपुरवठा नाही. संशयाच्या खुणा : वेडीवाकडी घट्ट गाठ, आतल्या भिंतीवर चार किंवा जास्त कोंब, दहा सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, घट्ट भाग असलेली, अनेक कप्प्यांची ओबडधोबड गाठ, खूप रक्तपुरवठा, पोटात पाणी. फक्त पहिल्या बाजूच्या खुणा असल्या तर साधी, फक्त दुसऱ्या बाजूच्या असल्या तर कॅन्सर समजून पुढे जायचं. दोन्हीकडच्या असल्या किंवा एकही नसली तर अनुभवी माणसाकडून पुन्हा सोनोग्राफी. चारांतल्या साधारण तीन गाठींचा निवाडा या नियमांनी लागतो. माझी ती मुलगी मात्र यात ‘कॅन्सर’मध्येच गेली असती, म्हणून ताप विचारायचा.

वय बघायचं. पाळी चालू असलेल्या बाईची गाठ बहुतेक वेळा साधी. पाळी गेल्यावरची घट्ट गाठ, तिथे रेंगाळू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीत घट्ट गाठ असेल तर एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या रक्ताच्या वेगळ्या टेस्ट. तो कॅन्सर वेगळा, औषधांना चांगली दाद देणारा, आणि दुसरा बीजकोश व पिशवी बहुतेकदा राखता येते.

पन्नाशीनंतर नव्यानं पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला लागणं हे महिन्यात बारा दिवसांहून जास्त होत असेल तर आधी सोनोग्राफी, मग पित्ताची गोळी. तुम्ही उलटं करता. डॉक्टरही करतात.

“मग दरवर्षी सगळ्यांचीच तपासणी करू की!” असं तुम्ही म्हणाल. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर तपासून पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला : मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासात खोट्या इशाऱ्यावरून १,०८० बायकांची ऑपरेशनं झाली, १६३ जणींना गंभीर त्रास झाला. घरात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर असेल तर गोष्ट वेगळी, त्यांनी बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा.

शेवटचं, उठू नका. संशय असेल तर गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. कॅन्सर असला तर तो पोटात सांडतो. पहिलं ऑपरेशन कॅन्सरच्या सर्जनकडेच करा. आणि साधी म्हणून काढली तरी, आपल्याकडे ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवतात, ते मोबाईलवर फोटो काढतात, आणि गाठ जाते कचऱ्यात. ती पॅथॉलॉजीला गेली का, रिपोर्ट कुठे आहे, एवढं विचारा. रिपोर्ट आणलेत त्यांनी चहाला माझ्याकडे या. जुनी सोनोग्राफी असेल तर तीही बरोबर आणा, नुसती नवी नको.