मनीऑर्डरच्या कुपनावरचा संसार

नमस्कार मंडळी. आज मी बोलणार आहे आमच्या आजीबद्दल. गेल्या पावसाळ्यात ती गेली, आणि तिची पत्र्याची ट्रंक उघडली तर आत लुगडी कमी आणि कागदाचे चिटोरेच जास्त.

आमचं गाव साताऱ्याकडचं, अपशिंगे मिलिटरीपासून फार लांब नाही. अपशिंग्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. आमच्या गावाचं तेवढं नाव नाही, पण घरटी एकजण मिल्ट्रीत हे आमच्याकडंही होतंच. आमचे आजोबा, म्हणजे नाना, मराठा लाइट इन्फन्ट्रीत, ट्रेनिंग बेळगावला. लग्नाला म्हणून रजेवर आले आणि हळद उतरायच्या आत परत गेले, पुढं अठरा वर्षं असंच, नाना वर्षातनं एकदा यायचे आणि मनीऑर्डर दर महिन्याला.

ते चिटोरे म्हणजे मनीऑर्डरची कुपनं. पोस्टानं ती जुनी सेवा २०१५ मध्ये बंद केली, त्यामुळं नव्या पोरांसाठी सांगतो, फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा, त्यावर दोन ओळी लिहिता यायच्या आणि पैसे दिले की पोस्टमन तो फाडून हातात द्यायचा. आजीला वाचता येत नव्हतं, पोस्टमनच मोठ्यानं वाचायचा, आणि शेजारी सासरे बसलेले. मग नाना दुसरं काय लिहिणार? "बैल विकू नका." "विहिरीचा गाळ काढून घ्या." एकावर आहे, "पोरीचं नाव ठेवून घ्या, रजा लांबली." ती पोर म्हणजे माझी आत्या. बापाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती चालत होती, आणि हा मिशीवाला कोण म्हणून चुलीमागं जाऊन लपली.

१९७१ ची गोष्ट आजी फार कमी सांगायची. ३ डिसेंबरला लढाई पेटली आणि गावात जे एक-दोन रेडिओ होते त्यांच्याभोवती गर्दी. बायका जरा लांब, भिंतीला टेकून. नाना जंगी पलटणीत, म्हणजे पहिली मराठा, आणि पलटण जमालपूरला, आता ते बांगलादेशात येतं. आजीला यातलं काहीच माहीत नाही, पत्त्यात नुसता ए.पी.ओ., म्हणजे लष्कराचं पोस्ट ऑफिस, आणि नंबर. जमालपूर ११ तारखेला पडलं, १६ ला ढाका, गावात पेढे वाटले. आजीनं पेढा घेतला पण खाल्ला नाही, फडताळात ठेवला. त्या महिन्याची मनीऑर्डर आलीच नाही. जानेवारीत आली. "मी खुशाल. शाळवाची राखण नीट करा." तोवर पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या.

मधी दोन वर्षं झाशीला फॅमिली क्वार्टर मिळालं होतं, तिचा सगळा फिरतीचा संसार तेवढाच. शेजारीण पंजाबी, हिला हिंदी येईना, तिला मराठी, पण आमच्या गावात पहिला राजमा आमच्याच चुलीवर शिजला. आम्हा नातवंडांना ती तो भाकरीबरोबर वाढायची आणि वर "जवान, ताट साफ!" म्हणून ओरडायची.

नाना गेल्यावर तिला फॅमिली पेन्शन, आणि दर नोव्हेंबरला बँकेत हयातीचा दाखला. खुरपं धरून धरून बोटाच्या रेषा गेलेल्या, मशीन काही केल्या ठसा घेईना, कधी पदराला बोट पूस, कधी पाण्यानं धू, शेवटी तिथला पोरगा म्हणाला, आजी, मशीन तुम्हाला ओळखत नाही. ही म्हणाली, "मी बी कुठं त्याला ओळखती?" पूर्ण रांग हसली, पण दुसऱ्या दिवशी चाळीस किलोमीटरचा हेलपाटा पुन्हा पडलाच, आणि मला अजून त्याचा राग येतो.

सगळ्यात शेवटचं कुपन १९७८ चं. "पुढल्या महिन्यापासून मनीऑर्डर नाही. मीच येतोय." मी एकदा तिला विचारलं, हे ऐकून तुला काय वाटलं गं? तिनं जात्यावरचं पीठ झाडलं आणि म्हणाली, "काय वाटायचंय? पोस्टमन यायचा बंद झाला."