रेत्सु: कोहिमाहून मागे फिरलेली डिव्हिजन

(दृश्य: नदीचं रुंद, गढूळ पात्र)

१५ मार्च १९४४ ची रात्र. ब्रह्मदेशातली चिंदविन नदी. भारतावर चालून निघालेले जपानी सैनिक बैलांना पाण्यात लोटतायत. आधी ओझं वाहून घ्यायचं, मग त्यांनाच खायचं, असा बेत. बरेच बैल धारेला लागले. वाचलेल्यांतले कित्येक पुढे चढणीवर बसले, ते उठलेच नाहीत.

ही ३१ वी डिव्हिजन, सांकेतिक नाव ‘रेत्सु’, म्हणजे प्रखर. मार्च १९४३ मध्ये बँकॉकला उभी राहिलेली, खरं तर जुळवाजुळवच. ५८ वी रेजिमेंट चीनमध्ये लढलेली, १३८ वी जपानमधल्या नाराची, आणि १२४ वी पॅसिफिकमधल्या ग्वादालकॅनाल बेटावरच्या उपासमारीतून उरलेली. भूक काय असते, हे या १२४ व्या रेजिमेंटला कुणी शिकवायला नको होतं.

कमांडर लेफ्टनंट जनरल कोतोकु सातो. त्यांचे वरिष्ठ, लेफ्टनंट जनरल मुतागुची. दोघांचं जुनं वाकडं. शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा. पुढचं ब्रिटिशांच्या कोठारातून मिळेल, हा मुतागुचींचा भरवसा.

(दृश्य: मणिपुरातले डोंगर)

वाटेत सांगशाक. ते शेजारच्या १५ व्या डिव्हिजनच्या वाट्याचं, तरी सातोंच्या हाताखालचे मेजर जनरल मियाझाकी ५८ वी रेजिमेंट घेऊन त्यावर तुटून पडले. समोर ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण. २६ मार्चपर्यंत झुंज चालली. सांगशाक हाती आलं, पण मोजून आणलेल्या तांदळातले दिवस गेले.

(दृश्य: कोहिमा, टेनिस कोर्ट)

४ एप्रिलला कोहिमाची लढाई पेटली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यामागे टेनिस कोर्ट होतं. एका कडेला जपानी, दुसऱ्या कडेला ब्रिटिश-भारतीय सैनिक, मधून हातबॉम्ब. वेढ्यातल्यांना विमानांतून रसद मिळत होती. सातोंना मागून काहीच येत नव्हतं. मे सरत आला तेव्हा माणसं गवत, गोगलगायी खात होती.

सातोंनी तार केली: मागे फिरतोय. मुतागुचींनी कोर्ट मार्शलची धमकी दिली. सातो फिरलेच. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या कमांडरने हुकूम मोडून माघार घेणं जवळपास अकल्पित होतं. मियाझाकींची तुकडी मात्र इम्फाळचा रस्ता २२ जूनपर्यंत अडवून बसली.

जुलैत सातोंचं पद गेलं. सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करा, असं सुचवलं गेलं. त्यांनी साफ नकार दिला. त्यांना खटला हवा होता. भर कोर्टात त्यांना एकच विचारायचं होतं: माझ्या माणसांचा तांदूळ कुठे होता?

डॉक्टरांनी मानसिक संतुलन बिघडल्याचा अहवाल दिला. खटला भरलाच नाही.