हरल्यावर चूक कळते का? जुन्या कन्सोल गेम्सची एक तपासणी

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा प्रश्न असा आहे : ऐंशीच्या दशकातले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे कन्सोल गेम खरोखर चांगले होते का? टीव्हीला यंत्र जोडायचे, त्यात कॅसेट बसवायची आणि जमिनीवर मांडी घालून खेळायचे, असा तो जमाना. या प्रश्नाची दोन तयार उत्तरे नेहमी ऐकू येतात. तेव्हा खेळलेली पिढी म्हणते की तसे गेम पुन्हा होणे नाही. तिची मुले म्हणतात की आईबाबांना स्वतःचे लहानपण आवडते, गेम हे निमित्त. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात, कारण दोन्हींमध्ये प्रत्यक्ष गेम कोणी तपासलेला नसतो. आठवणी बाजूला ठेवून एकेक गेम पाहिला, तर त्या काळातले बहुतेक गेम सुमार होते असे मान्य करावे लागते. पण त्यांत असे काही मोजके गेम आहेत की ज्यांच्या रचनेतला विचार आजही थक्क करतो, आणि तो विचार नेमका कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येते.

त्यासाठी मी एकच कसोटी वापरणार आहे. खेळाडू हरतो, तेव्हा आपण कशामुळे हरलो हे त्याला कळते का, आणि कळल्यावर पुढच्या डावात त्याला काही वेगळे करता येते का? चित्रांचा देखणेपणा किंवा कथेची खोली या कसोट्या मी मुद्दाम टाळतो, कारण १९८३ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रात काम चालवण्यासाठी अवघी दोन किलोबाइट स्मृती होती आणि तिच्याकडून कथेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. खेळाडूशी प्रामाणिक राहायला मात्र स्मृती लागत नाही. ते यंत्राच्या ताकदीवर अवलंबून नसून करणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असते.

याच यंत्रावर १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घेऊ. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला हा संपूर्ण गेम कॅसेटमधल्या चाळीस किलोबाइटांत मावतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे एकाच चित्राला वेगळे रंग देऊन केलेली आहेत. त्याचा पहिला टप्पा अनेकांना तोंडपाठ आहे, म्हणूनच तो पुन्हा नीट पाहायला हवा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कोणी न सांगता खेळाडू उजवीकडे चालू लागतो. थोड्याच अंतरावर कपाळाला आठ्या घातलेला एक तपकिरी प्राणी समोरून चालत येतो. त्याला धडकलो तर मरतो. पण गेम नुकताच सुरू झालेला असल्यामुळे त्या मरणात काही गमावलेले नसते आणि शिकण्यासारखे सगळे शिकून झालेले असते. पुढे विटांच्या ओळीत प्रश्नचिन्हाचे ठोकळे आहेत. त्यांतल्या एकाला डोके लागले की मशरूम बाहेर येतो. आता अडचण अशी की नवख्या खेळाडूने नुकताच एक चालता प्राणी पाहिलेला आहे, तेव्हा हे मशरूमही घातक असणार असे त्याला वाटू शकते आणि तो पळ काढू शकतो. म्हणून मशरूम आधी उजवीकडे जातो, खाली पडतो, हिरव्या पाइपावर आपटतो आणि उलट फिरून खेळाडूकडेच येतो. तो चुकवायला उडी मारावी तर डोक्यावर विटांचे छत असते, त्यामुळे बहुतेक वेळा तो अंगाला लागतोच. मारिओ मोठा होतो. जे घाबरण्यासारखे वाटले ते फायद्याचे निघाले, हे एकही अक्षर न वाचता कळते.

याच टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोरच्या जिन्यांच्या दोन जोड्या येतात. पहिल्या जोडीच्या मधे सपाट जमीन आहे, म्हणजे उडी चुकली तरी खेळाडू खाली उतरून पुन्हा वर चढू शकतो. लगेच पुढे तशीच दुसरी जोडी आहे आणि तिच्या मधे खोल खड्डा आहे. आधी सराव आणि मग परीक्षा, हा क्रम कुठेही जाहीर न करता पाळलेला आहे. उडीचेही तसेच. बटण दाबून धरले तर मारिओ उंच जातो, पटकन सोडले तर लवकर खाली येतो, आणि हवेत असताना त्याला थोडे डावी-उजवीकडे वळवताही येते. पळता पळता दिशा बदलली तर तो घसरतो. या सगळ्याचा परिणाम असा की खड्ड्यात पडलेला खेळाडू यंत्राला दोष देत नाही. ‘मी बटण लवकर सोडले’ असे तो म्हणतो, आणि ते खरे असते.

हे यश केवळ प्रतिभेचे किंवा काळाचे होते असे कोणाला वाटत असेल, तर त्याने जपानमध्ये १९८६ साली आलेला याच गेमचा दुसरा भाग पाहावा. दिग्दर्शन तेझुका यांचेच, मारिओ तोच, उडी जवळपास तीच. पण इथे ओळखीच्या मशरूमशेजारी विषारी मशरूम आला आणि तो खाल्ला की मोठा मारिओ लहान होतो, लहान असला तर मरतो. एके ठिकाणी पुढच्या जगात नेणारा वाटणारा छुपा रस्ता खेळाडूला थेट पहिल्या जगात परत पाठवतो. ज्यांनी पहिला भाग पालथा घातला होता त्यांच्यासाठी हा भाग रचलेला होता, हे मला मान्य आहे. तरीही पहिल्या भागाने जो विश्वास कमावला होता तो इथे जाणूनबुजून मोडलेला दिसतो. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने तो अमेरिकेत विकायचे नाकारले आणि १९८८ साली तिथे वेगळाच गेम मारिओचा दुसरा भाग म्हणून विकला. मला तो निर्णय योग्य वाटतो.

सुमार गेम सुमार का झाले, याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याआधीच्या पिढीतले आहे. अटारी या अमेरिकी कंपनीच्या यंत्रावर १९८२ साली ‘ई. टी.’ या चित्रपटावरचा गेम आला. तो हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी नाताळच्या विक्रीची तारीख गाठण्यासाठी साधारण पाच आठवड्यांत एकट्याने लिहिला. त्यात ई. टी. सतत खड्ड्यांत पडतो, कारण त्याचे पाय काठापासून दूर असले तरी त्याच्या चित्राचा कोणताही ठिपका, अगदी डोक्याचासुद्धा, खड्ड्याला लागला की यंत्र त्याला पडला असे धरते. खेळाडूच्या डोळ्यांना एक दिसते आणि यंत्र दुसरेच मोजते. न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे पुरल्या गेल्या आणि २०१४ साली त्या उकरून काढल्या गेल्या, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच वॉरशॉ यांनी त्याच यंत्रावर, त्याच १२८ बाइट स्मृतीत, ‘यार्स रिव्हेंज’ हा उत्तम गेम केला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. माणूस तोच आणि यंत्रही तेच. फरक पडला तो मिळालेल्या वेळाने.

अवघडपणाबद्दल मला जरा ठामपणे बोलायचे आहे, कारण जुने गेम अवघड होते म्हणून श्रेष्ठ होते असे अभिमानाने सांगितले जाते. अवघडपणाची कारणे पुष्कळदा धंद्याची होती. यांतले बरेच गेम मुळात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरून आले, जिथे खेळाडू लवकर मरणे म्हणजे पुढचे नाणे पडणे. तीन जीव मोजून देण्याची पद्धत तिथलीच. शिवाय चाळीस किलोबाइटांत फार टप्पे मावत नाहीत, म्हणून तेच टप्पे पुन्हा पुन्हा खेळायला लावून गेम लांबवला जाई. कॅपकॉमच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये सगळा गेम संपवल्यावर सांगितले जाते की हा सैतानाचा सापळा होता, आता पहिल्यापासून पुन्हा खेळा. अमेरिकेत गेम दुकानातून भाड्याने मिळत. शनिवार-रविवारी गेम संपला तर तो विकत कोण घेणार, ही भीती होती. कोनामीच्या १९९४ सालच्या ‘कॉन्ट्रा : हार्ड कोअर’ या गेमच्या जपानी आवृत्तीत खेळाडू एका जिवात तीन फटके सोसू शकतो, तर अमेरिकी आवृत्तीत पहिल्याच फटक्याला मरतो. याला मी कलेची कठोरता म्हणणार नाही.

याच्या जोडीला दिशाभूल होती. ‘कॅसलव्हेनिया’ या गेमच्या १९८७ सालच्या दुसऱ्या भागात एका कड्यापाशी लाल स्फटिक हाती घेऊन काही सेकंद गुडघे टेकून बसले, तर वावटळ येऊन खेळाडूला पुढे नेते. इंग्रजी आवृत्तीतला संकेत मात्र कड्यावर डोके आपटायला सांगतो. इथे अडकलेल्या खेळाडूचा काय दोष? कितीही डाव खेळला तरी तो त्यातून काही शिकू शकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत, हे गेम पोहोचले ते बहुतांशी फॅमिकॉमच्या नकलांमधून : ‘लिटल मास्टर’सारखी यंत्रे, पुढे मिताशीचा ‘गेम-इन’, आणि ‘९९९९ इन वन’ असे छापलेल्या कॅसेट, ज्यांत तेच मोजके गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. त्या कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका नसे. जपानी किंवा अमेरिकी मुलांना मासिके आणि नकाशे मिळत. आपल्या मुलांना शेजारच्या दादाने सांगितले तेवढेच. म्हणून माझ्या दृष्टीने हा एक नकळत झालेला प्रयोग होता : जो गेम स्वतःला स्वतः समजावून सांगू शकत होता, तोच इथे टिकला. मारिओ, ‘सर्कस’, ‘रोड फायटर’, ‘टँक’ हे खेळले गेले. यात एक भर घालायला हवी, की आकाराने लहान गेमच अशा कॅसेटमध्ये स्वस्तात कोंबता येत, त्यामुळे निवड अगदी निखळ नव्हती. पण कॅसेटमध्ये असूनही दोनदा पाहून सोडून दिलेले गेमही कमी नव्हते.

आपण ज्याला ‘टँक’ म्हणायचो तो नामकोचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. तो त्या काळी अमेरिकेत निन्टेन्डोच्या यंत्रासाठी अधिकृतपणे निघालाच नाही, त्यामुळे जुन्या गेम्सच्या अमेरिकी याद्यांत त्याला जागा नसते, आणि ही उणीव मला खटकते. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे येतात आणि खाली विटांच्या कोंडाळ्यात बसलेला गरुड सांभाळायचा असतो. विटेवर गोळी मारली की वीट थोडी थोडी कापली जाते, म्हणजे आपणच आपली तटबंदी पोखरू शकतो. घाईघाईत गरुडालाच गोळी लागून डाव संपला, तर दोष कोणाचा हे खेळणाऱ्याला लख्ख दिसते. दोघे मिळून खेळताना जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच खिळतो. या एका नियमाने केवढे भांडण, केवढी वाटाघाट आणि केवढी युती घडवली! कोणी गरुडापाशी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे, हे टप्पा सुरू होण्याआधी ठरवावे लागे. शिवाय स्वतःचे मैदान रचण्याची सोय त्यात होती, आणि पूर्ण पोलादी तटबंदी उभारून पाहिल्यावर खेळात मजाच उरत नाही हे मुलांना आपोआप कळे. गेमची रचना म्हणजे काय, याचा तो पहिला धडा होता.

धावत गोळ्या झाडण्याचा कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ याच कसोटीवर काठावर उतरतो. गोळी कुठून येते ते दिसते, उडी हवेत वळवता येते, म्हणून एका फटक्याचे मरणही सहसा न्याय्य वाटते. धबधब्याच्या टप्प्यात मात्र पुढचा खेळाडू वर चढला की पडदा सरकतो आणि मागे राहिलेला जोडीदार काहीही चूक नसताना मरतो. त्यात तीस जीव देणारी बटणांची ती प्रसिद्ध क्रमवारी मुळात कोनामीच्याच ‘ग्रॅडियस’ या गेमसाठी काझुहिसा हाशिमोतो यांनी घातली होती, कारण तपासणी करताना त्यांना स्वतःलाच तो गेम पार करणे जड जात होते.

आज हे गेम तपासणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबल्याबरोबर चित्र हलत असे. आजच्या अनेक सपाट टीव्हींवर चित्र किंचित उशिरा येते, आणि मारिओची उडी तेवढ्यानेही बिघडते. तेव्हा टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केल्याशिवाय गेमला नावे ठेवू नयेत. दुसरी गोष्ट डाव मागे फिरवण्याच्या सोयीची. संगणकावर किंवा नव्या यंत्रावर जुना गेम खेळताना चूक झाली की काही सेकंद मागे जाता येते. कॅसलव्हेनियाच्या त्या कड्यापाशी किंवा विषारी मशरूमपाशी ही सोय खुशाल वापरावी, तिथे शिकण्यासारखे काही हुकत नाही. पण मारिओ किंवा टँक पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलाला ती सोय दाखवू नये, आणि पहिले दोन-चार डाव शेजारी बसून त्याला काही सांगूही नये. त्याला तिथे जे काही सांगायचे, ते गेमच सांगतो.