शुद्ध किती आहे?

नमस्कार श्रोतेहो. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक आयसीयूच्या दाराशी आम्हा सिस्टरांना एकच प्रश्न विचारतात, "शुद्धीवर आला का?" याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही. मधे बऱ्याच पायऱ्या असतात.

या पायऱ्यांना नेमके शब्द नव्हते. एक डॉक्टर लिहायचा 'गुंगीत', दुसरा 'अर्धवट शुद्धीत'. मग रात्रपाळीवाल्याला कसं कळावं, पेशंट सुधारतोय की खालावतोय? १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे मेंदूचे सर्जन ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी साधी मोजपट्टी दिली. आजच्या तिच्या रूपात डोळ्यांना जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण शुद्धीत १५. सर्वांत कमी ३. आठ किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर.

डोळे आपणहून उघडतात का, ते आधी बघायचं. नाही तर मोठ्यानं हाक मारायची. तरीही नाही, तर नखावर दाब द्यायचा. मग नाव, ठिकाण, महिना विचारायचा, आणि तोही त्याच्याच भाषेत. ओडिशाहून कामाला आलेल्या मुलाला मराठीत विचारलं आणि तो गोंधळला, तर त्यात त्याच्या मेंदूचा काय दोष? शेवटी हालचाल. "माझी बोटं धरा" म्हटल्यावर धरली, एवढ्यावर मी विसंबत नाही, कारण तळहाताला स्पर्श झाला की बेशुद्धीतही मूठ वळू शकते. "सोडा" म्हटल्यावर सोडली, तर त्याला सांगितलेलं कळलं.

नुसती बेरीज सांगून भागत नाही. घशात नळी असली की बोलणं तपासताच येत नाही. म्हणून तिन्ही गुण वेगळे लिहायचे, वेळेसकट, आणि पुन्हापुन्हा तपासायचं. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असेल, तर कधीकधी माणूस उठून बसतो, चहा मागतो, आणि काही वेळानं पेंगायला लागतो. "दमलाय, झोपू दे" म्हणून घरी ठेवलेले असे पेशंट मी उशिरा आलेले पाहिलेत. दारूचा वास आला तरी झिंग आहे असं कृपा करून धरू नका.

१०८ ला फोन लावाल, तेव्हा 'बेशुद्ध आहे' एवढंच सांगू नका. "साडेसातला हाक मारल्यावर डोळे उघडले, नाव सांगितलं. साडेआठला चिमटा काढल्यावरच उघडले, नुसता कण्हला." एवढं ऐकलं की आम्ही सीटी स्कॅनची तयारी सुरू करतो.